बारीक अक्षर

माझा छापखाना वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर.
पलीकडं बंदी, अलीकडं परवाना,
मधे पूल, आणि पुलावर रात्री
दिवे न लावता जाणाऱ्या मोटरसायकली.
मी लग्नपत्रिका छापतो, तेरवीची कार्डं,
दिवाळीनंतर नाटकांची पोस्टरं:
नायिकेचा फोटो मोठा, लेखकाचं नाव कोपऱ्यात.
कोणतं नाव किती मोठं,
यावर माझं पोट चालतं.

रेवाराम गिऱ्हेपुंजेची तीन दुकानं.
एका भादव्यात पेन ड्राइव्ह घेऊन आला,
म्हणाला, ‘घरचा माल काढून रायलो.
नाव ठेवलं दंडार.
माह्याच तीन दुकानांत भेटन, चवथ्या जागी नाही.’
‘घरचा म्हणजे? भट्टी टाकली का?’
तो हसला.
‘भट्टी कोनाची का असंना, बाप्पा,
नाव आपलं.’

लेबल देखणं झालं.
केशरी रंगावर दोन नाचणारे, टिपऱ्यांवर टिपऱ्या.
खाली एक ओळ उरली:
तयार करणार कोण, कुठला, कोणती बॅच.
‘ते बारीक कर.’
केलं.
‘अजून.’
चार पॉइंटच्या खाली माझ्याकडं
अक्षरं नव्हती, मुंग्या होत्या.
त्या ओळीनं लावल्या.

दिवाळीला किंमत नव्वद. होळीला एकशे दहा,
आकडा मीच बदलला.
जो माल शेजारच्या दुकानात नाहीच,
त्याचा भाव ताडायचा कशाशी?
गिऱ्हाईकही ताडत नव्हतं.
दंडार मागताना छाती अशी पुढं,
जसं गावचं पोट्टं दहावीत पहिलं आलं.

चैत्रात सत्यफुला हटवार आली,
बसस्टँडवर आलुबोंडे तळते ती.
पदराखाली रिकामी बाटली, पुसून आणलेली.
तिच्या दिराला दोन दिवस उलट्या,
मग डोळ्यांपुढं जाळी.
दीर शिंपी. सुईत दोरा ओवत नाही.
‘वाच बरं, कोनाचा माल हाय?
गिऱ्हेपुंजे म्हनते, मी तं फक्त विकतो.
मंग कागद कोनाच्या नावानं लिवू?’

मी चष्मा पुसला. भिंग काढलं.
बाटली दारातल्या उन्हात धरली.
मला वाचता येईना.
पाठ होतं, म्हणून सांगितलं.
ती माझ्याकडं बघत राहिली.
‘तुले बरं पाठ हाय,’ म्हणाली.

मिरगाच्या तोंडावर उत्पादन शुल्कच्या उमरे मॅडम आल्या,
पर्समध्ये स्टीलची पट्टी.
काउंटरवर तीन लेबलं मांडली:
आमचं दंडार, नागभीडकडचं सागवान,
सिंदेवाहीच्या एका दुकानाचं रानराजा.
तिन्हीखाली मुंग्यांची तीच रांग.
‘एका टाकीतून तीन गावचा अभिमान,’
असं म्हणून त्यांनी चहा नको सांगितला.
मग बोलल्या: करणाऱ्याचं नाव
विकणाऱ्याच्या नावाच्या निम्म्यानं तरी हवं.
एकाच दुकानाचा माल असेल, तर दुकानदारही जबाबदार,
तसं बाटलीवर लिहायचं.
‘कागद वरून आलाय. पक्का व्हायचाय.
तुम्ही मात्र आजपासून पक्का धरा.’
जाताना पट्टी माझ्याकडंच विसरल्या.
किंवा ठेवल्या.

गिऱ्हेपुंजे चिडला.
‘एवढी जागा नावालेच देली
तं नाचनारे कुठं जातीन?’
मी एक नाचणारा काढला.
उरलेल्याच्या टिपऱ्या हवेत राहिल्या,
कशावरच न आपटता.
रेवारामनं दोन दिवस फोन उचलला नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाला, छाप.

आखाडात सत्यफुला पुन्हा आली,
बसस्टँडमागच्या ढिगातली नवी बाटली घेऊन.
उंबऱ्यावर बसली, बोट ठेवत वाचू लागली,
अक्षर अक्षर, जसं तांदळातले खडे.
कंपनी. गाव. तालुका. जिल्हा.
‘हे कोनत्या बाजूनं आलं?’
मला ठाऊक नव्हतं.
वर्षभर ते नाव मी हजारोंनी छापलं होतं.

तिनं लेबल नखानं सोडवलं,
फाटू न देता,
चार घड्या घालून
कंबरेच्या पिशवीत, सुट्ट्या पैशांत ठेवलं.
‘ब्रह्मपुरीची गाडी गेली काय?’
मी घड्याळ बघितलं.
पाच मिनिटं होती.